गच्चीवरची होडी

आमच्या यांनी होडी बांधायला घेतली तेव्हा मी आधी हसले आणि मग चिडले. जन्म बँकेच्या खुर्चीत गेलेला माणूस. भिंतीत खिळा ठोकायला घेतला की खिळ्यापेक्षा बोटालाच जास्त लागायचं. पण हे खूळ नुसतं हसण्यावारी नेता येणार नाही, हे मलाही कळत होतं.

एकवीसच्या पुरात समोरच्या घरात दादा गेले. दादा म्हणजे यांचे थोरले भाऊ, अरविंद. आमची गल्ली इतकी अरुंद की आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्या कौलारू घराच्या ओटीवर कोण काय निवडतंय ते दिसावं. दादांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. नगरपालिकेचा भोंगा झाला तेव्हा तुळजावहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्याकडे वर आल्या; दादा मात्र "पाणी ओट्याच्या वर यायचं नाही" म्हणत बसून राहिले. पाणी आलं ते थेट माळ्यापर्यंत. यांनी दोरी टाकली, ती पाण्याने ओढून नेली. दादा हाका मारत होते आणि आम्ही तिघं गॅलरीत उभं राहून ऐकत होतो. मग हाका थांबल्या.

त्यानंतर यांच्या डोक्यात एकच. होडी हवी.

वखारीतून आंब्याच्या फळ्या आल्या. फोनवर कुणी गोरा म्हातारा होडी बांधून दाखवायचा, हे त्याचे शिष्य झाले. फळी वाकवायला वाफ लागते, म्हणून माझं मोदकपात्र गच्चीवर गेलं ते परत आलंच नाही. शेजारच्या खोलीतला आमोद एमआयडीसीत कामाला. शिफ्ट संपली की तो फळी धरायला यायचा. फटींत कापूस ठासून वर डांबर थापलं. मी टोमणे मारायची, "आधी गणपतीत मोदकांची सोय सांगा, मग जग तारा." हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

दिवाळीनंतर ती टेम्पोत घालून सावित्री नदीवर नेली. नारळ फोडला. होडी तरंगली, थेंबभर पाणी आत आलं नाही. वहिनी पदर घट्ट खोचून तिच्यात बसल्या. मूळच्या कुडपणच्या त्या, डोंगरावरच्या. पाण्याचं त्यांना जन्माचं भय. पण त्या दिवशी हसल्या. दादा गेल्यावर पहिल्यांदाच.

"भाऊजी, आता पाण्याला भ्यायचं नाय," त्या म्हणाल्या.

मग होडी गच्चीवर परत आली. आम्हा महाडकरांना पुराने एकच शहाणपण शिकवलंय: जे जपायचं ते उंच ठेवायचं आणि कोरडं ठेवायचं. घराची कागदपत्रं, लग्नाचे फोटो, तांदूळ, शालू, सगळं वर. तशीच होडीही पत्र्याच्या शेडखाली उलटी ठेवली. आख्खा उन्हाळा ती तिथेच होती. आमच्याकडचा मे महिना, वर पत्रा. अंडं ठेवलं तर उकडून निघालं असतं. पावसाळा लागला तेव्हा शिंतोडे नकोत म्हणून यांनी तिला प्लॅस्टिक गुंडाळलं. तान्ह्या पोराला जपावं तसं जपलं. कितीजण येऊन बघून गेले, कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

जुलैत वर महाबळेश्वरला धो धो ओतलं आणि खाली खाडीला भरती. सकाळी भोंगा झाला. एरवी भोंगा आणि वहिनींचं जिन्यावरचं पाऊल एकदमच वाजायचं. आज त्या आल्या नाहीत. मी गॅलरीतून ओरडले, "वहिनी, वर या!"

"येते गो! सामान माळ्यावर लावते आधी. होडी हाय ना, भाऊजी येतील न्यायला."

मी यांच्याकडे पाहिलं. हे चक्क खूश होते! "लावू दे सामान. पाणी कंबरेला लागलं की जाऊ." मी म्हटलं, "आत्ता घोटाभर आहे, चालत येतील." पण इतके महिने घाम गाळलेल्या माणसाला होडी पाण्यात घालायची होती. आणि वहिनींनाही यांचं मन मोडायचं नव्हतं. हे मी आज सांगू शकते, तेव्हा नुसती चिडत होते.

कंबरेचं पाणी बघता बघता दाराच्या वर गेलं. यांनी आणि आमोदने होडी दोरांनी गॅलरीवरून खाली सोडली. हे कमरेला दोर बांधून आत बसले, वल्हं मारलं, आणि होडीला चाळणीसारखं पाणी लागलं. एका फटीतून नव्हे, सगळ्याच. उन्हाने लाकूड आकसून फळी फळीपासून सुटली होती. गल्लीच्या मध्यावर होडी काठापर्यंत भरली. हे ओंजळीने उपसत होते. ओंजळीने!

माळ्याच्या झरोक्यात वहिनींचा चेहरा दिसत होता.

"भाऊजी, मागं फिरा! बुडाल तुम्ही!"

आमोदने यांच्या कमरेचा दोर ओढून यांना वर घेतलं, होडीही तिच्या दोरांनी ओढून कठड्याला बांधली. मी ओरडत राहिले, "कौलं फोडा, वहिनी, कौलं फोडा!" आतून ठोकल्याचा आवाज आला. नंतर तोही येईना.

भोंगा झाल्यावर त्या दरवर्षी चालत वर यायच्या. होडी नसती तर याही वर्षी आल्या असत्या. हे मी यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण यांना ते माझ्याआधी कळलं होतं.

उजाडलं तेव्हा पाणी उतरायला लागलं होतं, गल्ली मात्र अजून पुरुषभर भरलेली. होडी रात्रभर पाण्यातच पडून होती. आमोद बादलीने तिच्यातलं पाणी उपसायला लागला. सगळं उपसून तो थांबला आणि वाकून बघत राहिला.

"काका, आता पाणी येत नाहीये."

लाकूड रात्रभर पाणी पिऊन फुगलं होतं. फटी सगळ्या मिटल्या होत्या. हे उठले. उतरले, होडीत बसले, समोर गेले. आमोदने त्या घराची कौलं काढली आणि दोघांनी मिळून वहिनींना आणलं. होडी सरळ, संथ आली. मी कठड्यावरून वाकून आत पाहिलं. आत पाणी होतं ते वहिनींच्या लुगड्यातून निथळलेलं, तेवढंच.