शुभंकरचं पत्र माझ्यापाशी अडलं

मित्रांनो, रत्नागिरीत मांडवीच्या एका घरात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक जुनी ब्रेल-पट्टी पडून आहे. ती मीच. माझ्या अंगावर चाळीस घरं आहेत आणि प्रत्येक घरात बारीक ठिपके वर-खाली होतात. संगणकावर आलेलं अक्षर मी ठिपक्यांनी उभं करते आणि ज्यांना दिसत नाही ते मला बोटांनी वाचतात. ज्या कंपनीनं मला घडवलं, तिनंच माझा संगणक बनवला आणि त्याला चालवणारी प्रणालीही. आम्ही एकाच घरची भावंडं, असं मी समजत होते.

अकरा वर्षांपूर्वी मी सावित्रीबाईंकडे आले. त्यांचे डोळे दहाव्या वर्षी देवीच्या तापात गेले होते. पुढे त्या बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाल्या. नुसत्या 'हॅलो'वरून माणूस ओळखायच्या. निवृत्तीनंतर एका आजारपणात कानही गेले. मग जग त्यांच्यापर्यंत बोटांतूनच पोचू लागलं.

त्यांचा मुलगा शुभंकर मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. आठवड्याला त्याची ई-मेल यायची. बाई हात धुऊन, पदराला कोरडे पुसून माझ्यापुढे बसायच्या. आवडलेल्या ओळीवरून बोटं दोनदा फिरायची. "अगो मृणाली," त्या सुनेला हाक मारायच्या, "तुझ्या नवऱ्यानं जहाजावर आंबोळ्या केल्यान! तव्याला चिकटल्या सगळ्या!" मृणाली हसत यायची आणि त्यांच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढून उत्तर द्यायची. बाई म्हणायच्या, "ही पट्टी म्हणजे माझे डोळे नि कान." त्या शब्दांनी मी सुखावून जायचे.

गेल्या मार्चच्या तीन तारखेला संगणकानं विचारलं, 'नवीन आवृत्ती तयार आहे. घ्यायची का?' ते शब्द मीच बाईंच्या बोटांखाली उमटवले. नवीन म्हणजे चांगलंच असणार, असं म्हणून त्यांनी होकार दिला. संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि त्यानं मला ओळखलंच नाही. माझे ठिपके खाली बसले ते बसलेच. बाईंनी वायर काढली, पुन्हा लावली. माझ्या गुळगुळीत अंगावरून त्या कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी शुभंकरचं पत्र आलं. मृणालीनं पडद्यावर पाहिलं, वरच लिहिलं होतं, 'फक्त आईसाठी'. तिनं ते उघडलं नाही. बाईंच्या तळहातावर तेवढं लिहून कळवलं.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "माझ्या बोटांनीच वाचीन. दोन दिवसांत पट्टी सुरू होईल. त्याला कळवू नको हो, उगाच घाबरेल."

मृणालीनं रजा काढली. मला नि संगणकाला पिशवीत घालून ती एसटीनं चिपळूणला गेली. दुरुस्ती करणाऱ्या गुरुप्रसादनं मला दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या जुन्या संगणकाला लावलं. माझे ठिपके टपाटप उभे राहिले!

"वहिनी, पट्टी ठणठणीत आहे," तो म्हणाला. "पण नव्या प्रणालीत कंपनीनं हिला जागाच ठेवली नाही. आणि तुमच्या संगणकावर जुनी परत घालू देत नाहीत."

"स्वतःच बनवलेल्या वस्तूला?"

"स्वतःच बनवलेल्या."

मृणालीनं कंपनीला लिहिलं. बाईंनी वाट पाहिली. उत्तर आलं सतरा तारखेला: हे उपकरण यापुढे चालणार नाही, नवीन मॉडेल मागवावं, यायला तीन महिने लागतील.

मृणालीनं ते बाईंना कळवलं. मग त्यांनी हात पुढे केला. "वाच गो तूच. लिही हातावर."

मृणालीचं बोट चालू लागलं. 'आई, मृणालीला सांगू नकोस. इंजिनरूममध्ये आग लागली. माझ्या डोळ्यांदेखत माझा सोबती गेला. खाली उतरायला निघतो आणि जिन्यावरूनच परत फिरतो. पंधरा तारखेला पुढच्या करारावर सही करायची आहे. तू ये म्हणालीस तर घरी येतो.'

मृणालीचं बोट थांबलं. "आणि?" बाईंनी विचारलं. खाली सोळा तारखेचं दुसरं पत्र होतं. मृणालीनं ते रडत रडत लिहिलं. 'तू काही बोलली नाहीस. मी धीर धरावा असंच तुला वाटत असेल. सही केली. नऊ महिने.'

बाईंनी मूठ मिटून घेतली. "ये म्हटलं असतं रे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आपला आवाज किती मोठा झालाय, ते त्यांना कळत नव्हतं. "त्याच दिवशी ये म्हटलं असतं!"

मी टेबलावर होते. ते पत्र मी पाच मिनिटांत वाचून दिलं असतं. माझा एकही ठिपका मोडलेला नव्हता.

मृणालीनं लगेच कळवलं, पण जहाज तोवर निघालं होतं. शुभंकर अजून समुद्रावर आहे. आता तो मृणालीलाही खरं ते लिहितो. घरात नवी पट्टी आली आहे. बाई तिच्यावर वाचतात, पण पत्र आलं की आधी तारखेवर बोट ठेवतात आणि मगच पुढे सरकतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मोठेपणी यंत्रं बनवाल, कुणी ती चालवणाऱ्या प्रणाली लिहाल. नवं जरूर बनवा. जुनं कधीतरी थांबतं, हे मलाही कळतं. फक्त एखाद्या जुन्या वस्तूचं नाव यादीतून खोडण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन बघा, की तिच्यावर कुणाची बोटं टेकलेली आहेत.