जाळीखालचं गवत

मित्रांनो, मी जुनी झाले आहे आणि माझ्या अंगभर भोकं आहेत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. भोकं जन्मापासूनची आहेत. बोटींच्या धक्क्यावर लोक जिच्यावरून चालतात ती करड्या रंगाची, फायबरची जाळी म्हणजे मी.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यात झाला. शेजारच्या साच्यात बादल्या जन्माला यायच्या. स्वभावाने बऱ्या होत्या, पण मला बघून गप्प व्हायच्या. त्यांच्यातल्या एखादीला भोक निघालं की तिची रवानगी भंगारात. आणि माझ्यात तर भोकांशिवाय फारसं काही नव्हतंच, तरी कामगार मला फडक्याने पुसत होते. माझं एक भोक बुजलेलं निघालं, तेव्हा तपासणाऱ्याने मला सदोष म्हणून परत पाठवलं. मी ते मोकळं करून घेऊन आले. आपल्यात जे नाही तेच आपलं भांडवल आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मला नेलं ते एका शांत, उथळ खाडीवर. तिथे आधी लाकडी धक्का होता. रुंद, बुटका, पाण्याला जवळजवळ टेकलेला. त्याच्याखाली भर दुपारीही संध्याकाळ असायची. आजूबाजूला पाण्याच्या तळाशी गवत डुलत होतं, आणि धक्क्याखाली मात्र टक्कल.

समुद्रात गवत असतं हे तुम्हाला माहीत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आमच्या मिस्त्रीलाही माहीत नव्हतं. हे शेवाळ नव्हे. याला खरी मुळं असतात, फुलं येतात आणि जगायला ऊन लागतं. माशांची पिल्लं त्यात लपून मोठी होतात. गवत गेलं की पिल्लांचं घर गेलं.

"बाई, लोकांना पाय ठेवायला जागा लागते," मला उभं धरून, माझ्या आरपार इंजिनिअर बाईंकडे बघत मिस्त्री म्हणाला. "तुम्ही त्यांना नुसती हवा देताय."

"हवा नाही हो मिस्त्री, ऊन. आणि ते वरच्यांना नाही, खालच्यांना."

"खालचे कुठे आपल्या धक्क्यावर येणार आहेत?"

"तुम्ही मासे खाता ना?"

मिस्त्री मासे खात असे. विषय संपला.

बाईंनी नवा धक्का उंच केला आणि अरुंद केला. खांब दूरदूर, तेही मोकळ्या वाळूतच. बांधकामाच्या सामानाचा तराफा भरतीलाच आत आणायचा, नाहीतर ओहोटीत तो गवतावर बसेल. बोटी बांधायची जागा पार टोकाला, खोल पाण्यात, म्हणजे बोटींचे पंखे गवत कापणार नाहीत. एका खांबाच्या ठरलेल्या जागी गवताचा झुबका निघाला. बाईंनी खांब हलवला, झुबका नाही. त्यामुळे आमचा धक्का मधेच किंचित वाकडा आहे, भांग चुकल्यासारखा. नवखी माणसं नाकं मुरडतात. मी नेमकी त्या वळणावर बसवलेली आहे आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

कामाची वर्षं सुखाची होती. सूर्य वर आला की मी त्याचे चौकोनी तुकडे करून खाली सोडायचे. हळूहळू टक्कल भरलं. माकुल्यांनी, म्हणजे स्क्विडनी, पात्यांना अंडी चिकटवली. पिल्लांचे थवे शाळा सुटल्यासारखे इकडून तिकडे धावू लागले. त्यांच्या दृष्टीने मी आकाश होते. त्यांचा हा गैरसमज दूर करावा असं मला कधीही वाटलं नाही.

धक्क्याची देखभाल करणाऱ्या माणसाची आत्या रोज काठी टेकत माझ्यापर्यंत यायची, वळणावरच्या बाकावर बसायची आणि गळ टाकायची. घरी तिने भांड्याला हात लावला तरी चार जण ओरडायचे, "आत्या, तू बस." धक्क्यावर ती बसायचीच, पण कामावर. अगदीच पिल्लू गळाला लागलं तर त्याला सोडताना दटावायची, "आईला विचारून आलास का?"

मग एक दिवस तिची काठी माझ्या भोकात गेली. नीट, सरळ, बाटलीत बूच बसावं तशी. आत्याने ओढली, भाच्याने ओढली, बोटीवरच्या दोन खलाशांनी ओढली. शेवटी भाचा होडी घेऊन माझ्याखाली गेला आणि त्याने वल्ह्याने खालून ठोसा मारला. काठी उडाली ती थेट एका खलाशाच्या टोपीवर. सगळे हसले. आत्या नाही हसली. घरी जाताना ती प्रत्येक पाऊल चाचपून टाकत होती.

भाचा प्रेमळ होता. प्रेमळ माणूस खांद्यावर गुंडाळी घेऊन येताना दिसला की आमच्यासारख्यांनी घाबरावं. दुसऱ्या दिवशी त्याने धक्क्याच्या सुरुवातीपासून बाकाच्याही पुढपर्यंत नकली हिरवळीची चटई अंथरली.

"घे आत्या, आता बागेत फिरल्यासारखी चाल."

म्हणजे बघा मित्रांनो, खऱ्या गवताच्या डोक्यावर खोटं गवत. माझी सगळी भोकं बंद. मी फळी झाले, तीही हिरवी.

आत्या मात्र न घाबरता येऊ लागली, त्यामुळे माझी तक्रार करायची सोय राहिली नाही. महिने गेले. मग मासे लागेनासे झाले. आत्याने आधी आमिषाला दोष दिला, मग गळाला, मग भाच्याच्या गाण्याला. भाच्याने गाणं बंद केलं. मासे आले नाहीत, पण बाकी सगळ्यांना बरं वाटलं.

भाच्याची बायको पाण्यात बुड्या मारायची. बोटींच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचं तिचं काम. एकदा काम आटोपून ती धक्क्याखालून पोहत परत आली आणि डोळ्यांवरची काच डोक्यावर सरकवून म्हणाली, "आत्या, तुमच्या हिरवळीचं माप खाली उतरलंय."

"म्हणजे गं?"

"चटई जिथवर, तिथवर टक्कल. कडा जरा पुसट आहेत, पण आकार तोच. चटई संपते तिथून पुढे गवत मजेत आहे. तिच्याखाली उरलंसुरलं पिवळं पडून कुजतंय. पिल्लू एक नाही."

"चटई काढली तर ही चालणार कशी?" भाचा चिडला. "पडली म्हणजे?"

"आणि खालचं सगळं मेलं म्हणजे?"

"तुला माझ्या आत्यापेक्षा गवत जास्त झालं!"

"गप रे," आत्या म्हणाली. "मी म्हणत होते मासे माझ्यावर रुसलेत. मीच त्यांचं घर झाकून वर बसले होते." मग ती उठली. "काढ ती चटई."

"आणि तू?"

"मी बसते घरी. सराव आहे मला."

चटई निघाली. ऊन पुन्हा माझ्यातून खाली गेलं. मला आनंदाने नाचावंसं वाटायला हवं होतं, पण मला स्क्रूने आवळलेलं आहे, आणि समोरचा बाक रिकामा होता. आत्या आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खालच्यांना घर मिळालं होतं आणि वरची घरात बसली होती.

मग माझे स्क्रू आवळायला मिस्त्री आला. भाच्याने त्याला सगळं सांगितलं. मिस्त्रीने माझ्या भोकावर अंगठा ठेवून पाहिला.

"अरे, काठी बारीक आहे तर काठी जाड करा. धक्का कशाला बदलताय?"

मोरी तुंबली की दाबतात तो रबरी पंप असतो ना? मिस्त्रीने नवा कोरा पंप आणला, त्याचा दांडा काढला, उरलेल्या रबरी वाटीत लाकूड ठोकून ती घट्ट केली आणि आत्याच्या काठीच्या टोकाला बसवली. माझ्या भोकाच्या बापालाही ती गिळता आली नसती.

घरच्या फरशीवर तिचा पहिला प्रयोग झाला. काठी फरशीला अशी चिकटली की आत्याला सोडवायला तिघं लागले. आत्याचं म्हणणं, तिला घरात बसवण्याचा हा नवा डाव आहे. पण माझ्यावर ती काठी चिकटेना. कशी चिकटेल? खालून हवा येते! मिस्त्री ज्या हवेला नावं ठेवत होता तीच. आता खाडीवर अशी एकच जागा आहे जिथे आत्या अडखळत नाही आणि चिकटतही नाही. बादल्यांनी हे ऐकायला हवं होतं.

आत्या रोज येऊ लागली, पण गळाविना. नुसती बसायची आणि पाण्यातून वर येणाऱ्या भाचेसुनेला विचारायची, "आलं का?"

"नाही अजून, आत्या. ते हळू येतं. कडेच्या गवताची मुळं सरकत सरकत आत येतात."

"येऊ दे. मला कुठे गाडी पकडायचीय?"

एक पावसाळा गेला, दुसरा गेला. आणि एका सकाळी भाचेसून बाकाच्या बरोबर खाली पाण्यातून डोकं काढून ओरडली, "आत्या, आलं!"

"किती?"

"दोन पाती. आणि एक पिल्लू. पात्यामागे लपलंय, पण शेपूट बाहेर आहे."

आत्याने काठी बाकाला टेकवली. भाचा "अगं, अगं" म्हणेपर्यंत ती माझ्यावर पालथी पडली आणि तिने एका भोकाला डोळा लावला. इतकी वर्षं लोकांनी मला फक्त तुडवलं होतं. माझ्यातून खाली बघायला कोणी गाल टेकला नव्हता. ती पुष्कळ वेळ तशीच होती. उठली तेव्हा तिच्या गालावर माझ्या जाळीचे चौकोन उमटले होते, आणि भाच्याने फडकं पुढे केलं तर ती म्हणाली, "राहू दे. बाजारातून जायचंय मला."

मित्रांनो, पाण्यावर काही बांधायचं असेल, अंथरायचं असेल, तर जरूर करा. पण आधी पालथे पडा आणि खाली कोण राहतं ते बघा. गालावर चौकोन उठतील. उठू द्या. फार शोभून दिसतात, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.