शेवटची दोन बोटं

खोपोलीत सूर्य उशिरा येतो. पूर्वेला घाटाची भिंत उभी असल्यामुळे सकाळचा उजेड गावात थेट कधी उतरतच नाही. तो आधी पश्चिमेकडच्या डोंगरांच्या माथ्यांना लागतो, मग कारखान्यांच्या धुराड्यांना, मग पाण्याच्या उंच टाक्यांना, आणि असा दुरून दुरून, वाटेतल्या प्रत्येक वस्तूची परवानगी घेत, अखेरीस माणसांपर्यंत पोहोचतो. तोवर गल्ल्यांतून एक करडा, बिनसावलीचा उजेड भरून राहिलेला असतो. त्या उजेडात चहाच्या टपरीची वाफ धुराहून वेगळी ओळखता येत नाही, आणि रस्त्याने जाणारा माणूस अगदी जवळ येईपर्यंत कोणीही असू शकतो.

सुमितच्या पत्र्याच्या शेडला पूर्वेकडे खिडकी नव्हती. होतं ते पत्र्यातलं एक भोक, कधीकाळी खिळा निघून गेल्यामुळे पडलेलं. जानेवारीत सव्वाआठच्या सुमारास त्या भोकातून उन्हाचा रुपयाएवढा ठिपका समोरच्या भिंतीवर पडे. भिंतीवरून तो पाय वर करून उलट्या टांगलेल्या काळ्या सूटवर येई आणि अगदी सावकाश त्याच्या पाठीवरून सरकू लागे. तिथे, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, पितळी दातांची जाड झिप होती. ठिपका झिपवर आला की एकेक दात पेटे आणि विझे. सुमित रोज हे पाहत बसे. त्या दहा मिनिटांत तो कोणाशी बोलत नसे. एरवीही तो फारसं बोलत नसेच.

आज ठिपका झिपच्या उजव्या टोकाला पोहोचला तेव्हा तो मनाशी म्हणाला, ‘इथेच. शेवटची दोन बोटं.’

सुमित पाणबुड्यांच्या सूटची देखभाल करी. कारखान्यांच्या टाक्या आणि नाले साफ करायला जी माणसं पाण्यात उतरतात, त्यांच्यासाठी हे सूट. आत पाण्याचा थेंबही शिरू नये अशी त्यांची घडण असते, कारण ते पाणी पुष्कळदा पाणी नसतंच. त्यात कातडी जाळणारा कॉस्टिक सोडा असतो, तेल असतं, नाव नसलेलं काहीतरी असतं. सूट उत्तम असतो, रबर उत्तम असतं. दगा देते ती झिप. म्हणून प्रत्येक कामानंतर सुमित झिप गोड्या पाण्याने धुई, जुन्या दातघासणीने दातांमधली रेती काढी, सावलीत वाळवी आणि मग मेणाची वडी हलक्या हाताने दातांवरून फिरवी. तेल कधी नाही. तेलाला धूळ चिकटते आणि रबर सडतं. मेण लावून झालं की तो झिपच्या ओढणीला, म्हणजे ती ओढायच्या कडीला, पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारी. हा त्यांच्या कामातला रिवाज होता. दोरा दिसला म्हणजे झिप तयार. पाणबुड्याला स्वतःच्या पाठीवरची झिप लावता येत नाही. दुसऱ्याने दोरा तोडायचा आणि ओढायची. दोरा नसेल तर उतरायचं नाही.

गेल्या मे महिन्यात, एका मंगळवारी, सुमितचा थोरला भाऊ जगदीश सोड्याच्या टाकीत उतरला होता. त्याची झिप मालोजीने ओढली होती. मालोजी म्हणजे या टोळीचा मुकादम. पन्नाशी उलटलेला, वीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस. सुमित त्या दिवशी सामान आणायला कर्जतला गेला होता. झिप शेवटच्या दोन बोटांएवढी उघडी राहिली, झिप झाकणारी वरची पट्टी बसवल्यामुळे ते कोणाला दिसलं नाही, आणि जगदीशला वर काढेपर्यंत सोड्याने त्याची पाठ खाल्ली होती.

आता जगदीश पळसदरीला एका फार्महाऊसवर राखणदार होता. खुर्चीला पाठ न टेकता बसे आणि पालथा झोपे. संध्याकाळी तो घरी आला की आई, मालनबाई, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावी आणि मग त्याच ज्योतीच्या उजेडात त्याच्या पाठीला खोबरेल चोळी. सुमित तेव्हा अंगणात जाऊन उभा राही.

“मालोजीनं अर्धवट ओढली,” तो म्हणे. “दोन बोटांची मेहनत नाय झाली त्याच्यानं.”

“जाऊ दे रं,” जगदीश उशीत तोंड खुपसून म्हणे. याहून अधिक तो कधीच बोलला नाही. ही त्याची भलाई आहे असं सुमितने ठरवून टाकलं होतं, आणि भल्या माणसाच्या वाट्याचा राग दुसऱ्या कोणीतरी बाळगावा लागतो असंही.

त्याने तो नीट बाळगला. आठ महिने तो मालोजीला ‘काका’ म्हणत राहिला, त्याच्या चहात साखर घालत राहिला, त्याच्या मानेकडे पाहत राहिला. जगदीशचा तो सूट त्याने पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवला होता. विचारलं कोणी तर म्हणे, पुरावा आहे. पण तो पुरावा त्याने एकदाही उलगडून पाहिला नव्हता.

आणि परवा मालोजी स्वतःहून म्हणाला होता, “उतरणारा पोरगा लग्नाला गावी गेलाय. बुधवारी टाकी बंद ठेवणार हायेत, एकच दिवस. मीच उतरतो. सुम्या, तू हाय ना झिप ओढायला?”

टाकी तीच होती.

सुमितने झिपची तयारी अशी केली की तशी त्याने कधीच केली नव्हती. त्याला रेती घालायची नव्हती, दात वाकवायचा नव्हता. असली चोरटी कामं त्याला हलकी वाटत. त्याला जसंच्या तसं हवं होतं. निर्दोष झिप, आणि ओढणाऱ्याने राखलेली दोन बोटं. मालोजीने केलं तेवढंच. कमी नाही, जास्त नाही. त्याने मेण दोनदा फिरवलं, मऊ फडक्याने पुसलं आणि दोऱ्याची गाठ मारली. 

दहा वाजता ते टाकीवर होते. टोळीतला सदू कॉम्प्रेसर सुरू करून हवेची नळी तपासत होता. त्याच्या तोंडाला कधी झाकण नसे.

“काका, पोट आत घ्या,” तो ओरडला. “झिप नाय बसायची. सुम्या, सुई-सुतळी आण, पोत्यासारखं शिवून टाकू यांना!”

“तुझ्या लग्नात जेवलो ना त्याचं पोट हाय हे,” मालोजी सूटमध्ये खांदे घुसवत म्हणाला. “पचलं नाय अजून. भात कच्चा होता तुझ्या सासऱ्याचा.”

सदू हसला. मालोजी पाठ करून उभा राहिला. सुमितसमोर आता ती मान होती, पिकलेल्या केसांची, घामाने ओली. त्याने दोरा तोडला. ओढणी धरली आणि ओढली.

झिप निघाली ती जणू वाटच पाहत होती. डाव्या खांद्यावरून पाठीच्या मध्यावर, मध्यावरून उजवीकडे. हाताला कळावा एवढाही जोर लावावा लागला नाही. दोन बोटं उरली तेव्हा सुमित थांबला. थांबायला त्याला मनगट आवळावं लागलं. जरा सैल धरली असती तर ओढणी स्वतःच्याच ओघात शेवटपर्यंत गेली असती. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली, आणि आली म्हणून ती त्याला आवडली नाही. त्याने पट्टी वरून बसवली.

“झालं,” तो म्हणाला.

मालोजीने खांदे हलवून पाहिले. “लोण्यासारखी गेली की रं. जग्याची अशी नव्हती.”

सुमितच्या ओठांवर आठ महिन्यांचं वाक्य तयारच होतं. “तुमी ओढली नाय पुरी.”

मालोजी वळला नाही. टाकीच्या पाण्याकडे पाहत, मुखवट्याची काच थुंकीने पुसत तो म्हणाला, “ओढली. दोन नखं गेली माझी, ही बघ, करंगळीचं अजून वाकडं येतंय. पाय लावला त्याच्या पाठीला. शेवटी बसली असं वाटलं. बसली नव्हती.” मग काच उजेडाकडे धरून, “दोराच नव्हता तिला. मी बोललो, जग्या, दोरा नाय, मी नाय सोडणार तुला. त्यानं माझ्यासमोर तुला फोन लावला. ‘झिप झालीय ना रं?’ तू बोललास, झालीय. मग तो हसला. बोलला, काका, घरचा माणूस हाय, घरच्या माणसाला दोरा कशाला लागतो? आणि मी सोडला. तिथं चुकलो मी. मुकादम मी होतो, सोडायला नको होतं.”

“हे तुमी बोलला नाय कुणाला.”

“जग्यानं शपथ घातली होती. आज उतरतोय म्हणून बोललो. वर नाय आलो तर तू उगाच माझ्यावर जीव जाळत बसशील.” तो हसला. “साखर लय घालतोस चहात. माणूस एवढी साखर उगाच घालत नाय.”

कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. मालोजीने मुखवटा चढवला, कमरेचा दोर तपासला आणि शिडीचा पहिला गज धरला. पाय पाण्याच्या दिशेने गेला. सुमित पाहत होता. हेच पाहायला तो आठ महिने जगला होता. तो काळा पाय, ते निवांत पांढुरकं पाणी. आणि त्याच्या डोळ्यांसमोर मात्र आपलंच मनगट होतं, लोण्यासारख्या झिपला थांबवण्यासाठी आवळलेलं. मेण लावलेली झिप चुकून उघडी राहत नाही. ती उघडी ठेवावी लागते. आणि जी नखं तोडूनही बसत नाही, ती...

“काका, थांबा!”

मालोजी गजावर थांबला. सुमितने धावत जाऊन त्याला बाहीला धरून वर ओढलं, पट्टी उघडली आणि एका बोटाने ओढणी लोटली. ती शेवटच्या खाचेत जाऊन बसली. कुलूप लागल्यासारखा एक बारीक आवाज झाला.

मालोजीने मुखवटा वर केला. “काय होतं?”

“दोन बोटं राहिली होती.”

मालोजी वळून त्याच्यासमोर आला. सदूने कॉम्प्रेसरवरून मान वर केली.

“राहिली,” मालोजीने हळू विचारलं, “का ठेवलीस?”

 सुमितची मान खाली गेली, तेच उत्तर झालं. मालोजीने हात मागे नेऊन उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत जेमतेम पोहोचणाऱ्या बोटांनी झिपचं टोक चाचपलं. मग कमरेच्या दोराची गुंडाळी उचलून त्याने सुमितच्या हातात दिली.

“धर,” तो म्हणाला. “आणि सोडू नको, हरामखोरा. वर आलो की एक कानाखाली देणार हाय, ती उधार राहिली.”

पाणी त्याच्या डोक्यावरून मिटलं. दोर सरकत खाली जात राहिला. थोड्या वेळाने खालून एक झटका आला, म्हणजे ठीक. सुमितने वरून एक झटका दिला. ऊन आता घाटावरून पुरतं वर आलं होतं आणि टाकीच्या कडेवर सुमितची सावली स्पष्ट पडली होती. जवळ येईपर्यंत कोणीही वाटावा असा माणूस ती दाखवत नव्हती.

कोपऱ्यातलं पोतं उलगडून पाहायची आता गरज उरली नव्हती. त्या झिपचे दात कसे असतील ते त्याला ठाऊक होतं. कोरडे, ओढून ओढून वाकलेले. मे महिन्यात शेडमधली मेणाची वडी आदल्या रविवारीच संपली होती. त्या मंगळवारी तो कर्जतला मेण आणायलाच गेला होता, आणि फोनवर ‘झालीय’ म्हणाला तेव्हा तो दुकानात उभा होता.

जगदीशच्या झिपला त्याने मेण लावलं नव्हतं.