सासूबाईंचा बँड

लग्न ठरलं तेव्हा बायकोने लिफ्टवाल्याला आपल्या आईबद्दल तीन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आईने एकतीस वर्षं पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम केलंय, आईला कोणी हात धरलेला खपत नाही, आणि आईला गाण्याचं वेड आहे. पहिल्या दोन गोष्टी त्याला महिन्याभरात पटल्या. तिसरीचा अर्थ कळायला मात्र सहा वर्षं जावी लागली.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सासरी त्याचं नाव लिफ्टवाला पडलं होतं. माणूस अबोल. सासूबाईही मोजकंच बोलणाऱ्या. सहा वर्षांत दोघांचं संभाषण "बऱ्या आहात ना आई?" आणि "मी बरी. तुम्ही?" याच्यापुढे फारसं सरकलं नव्हतं. त्यात दोघांनाही काही अडचण नव्हती. अडचण आली ती सासूबाईंच्या आवडीचा बँड शेवटच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा.

बँड जुना, चार जणांचा. सासूबाई पंचविशीत असल्यापासून त्याच्या मागे लागलेल्या, पण प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. एकदा तो जवळच्या शहरात आला होता, तेव्हा त्यांचे दिवस भरत आले होते. पाच दिवसांनी लिफ्टवाल्याची बायको जन्मली. या वेळी त्यांनी गाजावाजा न करता दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणीचं. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मैत्रिणीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. लिफ्टवाल्याची बायको लहान मुलांच्या वॉर्डात नर्स, तिची शनिवार-रविवार ड्युटी. उरला लिफ्टवाला.

"तू फक्त बरोबर जा," बायको म्हणाली. "तिचा गुडघा बदलून वर्षच झालंय. जिने चढू देऊ नकोस. दोन वेळच्या गोळ्या आहेत. आणि तिला धरू नकोस."

"पडल्या तर?"

"पडल्यावर धर."

शनिवारी सकाळी सासूबाई स्टेशनवर त्याच्या आधी पोचल्या होत्या. अंगात काळं जर्किन, पाठीवर पिशवी, पायात नवे बूट. गाडी सुटली आणि पहिला तासभर दोघं खिडकीबाहेर बघत बसले. मग सासूबाईंनी पिशवीतून इअरफोन काढले आणि एक टोक त्याच्यापुढे धरलं.

"गाणी माहीत नसतील तर तिथे नुसते खांबासारखे उभे राहाल."

वायर आखूड होती. जावई आणि सासू डोक्याला डोकं लावून बसलेले पाहून समोरच्या बाईंनी वर्तमानपत्र उंच धरलं. लिफ्टवाल्याचे कान तापले, पण टोक काढायची हिंमत झाली नाही. सासूबाई मध्येमध्ये बोट वर करून समजावत होत्या. हा गातो तो घोगरा. हा जाड आवाजाची गिटार वाजवतो तो लंबू. ड्रमवाला मधे बँड सोडून गेला होता, बायकोने परत पाठवला. हे पुलाचं गाणं, यात चार कडवी, चौथं सगळ्यात भारी. चौथ्याला त्यांनी डोळे मिटले. लिफ्टवाल्याला सगळी गाणी सारखीच वाटत होती, पण ड्रम कुठे थांबतो आणि कुठे परत सुरू होतो हे त्याला कळायला लागलं. मोटर नीट चालते की नाही हे तो कानाने ओळखायचा, त्यातलाच हा प्रकार.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला होता. हॉल मोठा, खुर्च्यांचा, आणि खुर्च्यांवर बहुतेक पांढरी डोकी. हॉलमधले दिवे मालवले आणि चौघं मंचावर आले, तशा सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. लिफ्टवाल्याचा हात आपोआप पुढे गेला, तो त्याने वेळीच मागे घेतला. पहिली दोन गाणी झक्कास झाली. सासूबाई ओरडत होत्या, अगदी गळ्याच्या शिरा ताणून. हा आवाज त्याने त्या घरात कधी ऐकला नव्हता.

तिसऱ्या गाण्यात घोगऱ्याने पहिलंच कडवं पुन्हा म्हटलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. चौथ्यात तो मधेच थांबला आणि गिटारवाल्याने वाजवून वेळ मारून नेली. पुलाचं गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली, तिसऱ्याची एक ओळ झाली, आणि घोगरा माइक धरून नुसता उभा राहिला. लोकांनी ती ओळ उचलली, पण तो काही गाईना. लंबू त्याच्या कानाशी जाऊन काहीतरी बोलला. घोगऱ्याने मान हलवली, पाठ फिरवली आणि आत निघून गेला. दहा मिनिटांनी आला, दोन गाणी कशीबशी उरकली, आणि कार्यक्रम संपला. तासही झाला नव्हता. मागून शिट्ट्या सुरू झाल्या.

सासूबाई केव्हाच खाली बसल्या होत्या. हात गुडघ्यांवर. शिट्टी वाजवणाऱ्याकडे त्यांनी एकदा वळून असं पाहिलं की तो गप्प झाला.

लॉजवर जाताना त्या खाली रस्त्याकडे बघत चालत राहिल्या. लिफ्टवाल्याला वाटलं, काहीतरी बोलावं. बायको असती तर बोलली असती. शेवटी तो म्हणाला, "आई, गोळी." त्यांनी गोळी घेतली आणि आपल्या खोलीचं दार लावलं.

सकाळी लॉजच्या खाणावळीत तो अंडं सोलत असताना त्या समोर येऊन बसल्या. पाठीवर पिशवी होती.

"पुढच्या शहरात आज चार वाजता त्यांचा कार्यक्रम आहे," त्या म्हणाल्या. "पावणेदहाची गाडी आहे. मी जाते. तुम्ही घरी जा."

लिफ्टवाल्याने अंडं खाली ठेवलं. "तिकीट?"

"नाही."

"आणि परत तसंच झालं तर?"

सासूबाईंनी त्याचा चहा आपल्याकडे ओढला आणि एक घोट घेतला. मग त्या एका दमात जेवढं बोलल्या, तेवढं सहा वर्षांत मिळून बोलल्या नसतील.

"हिचे वडील गेले, त्यानंतर चौथ्या दिवशी मी कामावर गेले. घरात बसवत नव्हतं. त्या दिवशी दोनशे शब्दकोशांना मी पुठ्ठे उलटे लावले. सगळेच्या सगळे. संध्याकाळी मुकादमाने एक उचलून पाहिला, दुसरा पाहिला. सगळे बघत होते. मला वाटलं, आता हा मला घरी बसवणार. त्याने माझ्या हातातला ब्रश घेतला, धुतला, जागेवर ठेवला आणि म्हणाला, बाई, उद्या या. बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी सगळे सोडवून परत बांधले." त्यांनी कप त्याच्याकडे सरकवला. "काल लोक शिट्ट्या मारून घरी गेले. आज त्याच्यासमोर नवे लोक बसतील, त्यांना कालचं माहीत नाही. कालचं माहीत असून आलंय असं कोणीतरी एक तिथे असलं पाहिजे."

लिफ्टवाल्याने घड्याळ पाहिलं. सोमवारी सकाळी सहामजली दवाखान्याच्या लिफ्टची तपासणी होती, आणि नोकरीला लागल्यापासून त्याने ऐनवेळी दांडी मारलेली नव्हती. त्याने कामावरच्या जोडीदाराला फोन लावला, "उद्या सकाळचं तू सांभाळ, मी दुपारी येतो," एवढं सांगितलं आणि जोडीदाराने कारण विचारायच्या आत बंद केला.

स्टेशनवर पोचायला उशीर झाला. गाडी तिसऱ्या फलाटावर, मधे पूल, आणि सरकता जिना बंद. लिफ्टवाल्याने जिन्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वर होती. ती यायला तयार नव्हती.

"अरे, बघत काय बसलायस?" सासूबाई जिन्यावरून ओरडल्या. त्या चार पायऱ्या चढूनही गेल्या होत्या. "पळ! तू पुढे हो, दार धरून ठेव!"

तो पळाला. दाराच्या पायरीवर एक पाय आणि फलाटावर एक, असा तंगड्या फाकून उभा राहिला. गार्डने शिवी दिली ती ऐकून घेतली. सासूबाई धापा टाकत आल्या आणि त्याच्या दंडाला धरून आत चढल्या. दंड त्यांनी आपणहून धरला, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

बसतात न बसतात तोच बायकोचा फोन.

"निघालात का?"

"निघालो," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"आईचा पाय?"

"ठीक आहे."

तेवढ्यात डब्यातल्या स्पीकरने गाडी कुठे निघाली आहे ते खणखणीत आवाजात जाहीर केलं.

"ही गाडी घराकडे येत नाही," बायको म्हणाली.

"नाही."

"आईला दे."

सासूबाईंनी फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्याला बोलू नकोस. मी सांगितलं म्हणून आलाय तो," आणि फोन परत दिला.

दुसऱ्या शहरातला हॉल लहान होता, आणि तिकिटं संपली होती. खिडकीतल्या माणसाने हात झाडले. दोघं तिथेच बाजूला उभे राहिले. लिफ्टवाला दर पंधरा मिनिटांनी खिडकीशी जाऊन फक्त उभा राहायचा. बोलायला त्याला सुचत नव्हतं, पण हलायचं नाही हे त्याला बरोबर जमत होतं. साडेतीनला खिडकीतल्या माणसाने वैतागून वर पाहिलं.

"एक परत आलंय. एकच."

"तू जा," सासूबाई म्हणाल्या.

"मी?"

"मी काल पाहिलाय."

"मीपण कालच पाहिलाय, आई."

सासूबाई हसल्या आणि तिकीट घेऊन आत गेल्या.

लिफ्टवाला हॉलला वळसा घालून मागच्या बाजूला गेला. तिथे सामानाचे दोन ट्रक उभे होते आणि घडीच्या खुर्चीवर एक पहारेकरी बसला होता.

"इथे थांबता येणार नाही," पहारेकरी म्हणाला.

"माझ्या सासूबाई आत आहेत."

पहारेकऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. असं कारण त्याला आजवर कोणी दिलं नसावं. तो आत गेला आणि दुसरी खुर्ची घेऊन आला.

चारला भिंत घुमायला लागली. शब्द काही कळत नव्हते. ड्रम आणि लंबूची गिटार मात्र विटांमधून सरळ पाठीत येत होती. पहिलं गाणं त्याने ओळखलं, दुसरंही. तिसऱ्याच्या आधी बराच वेळ कोणीतरी बोलत होतं, मग टाळ्या. मग पुलाचं गाणं आलं. लिफ्टवाला खुर्चीच्या टोकाला सरकला. ड्रम थांबला, सुरू झाला: एक कडवं. परत थांबला, सुरू झाला: दुसरं. तो बोटं मिटत होता. तिसऱ्याला त्याने तिसरं बोट मिटून घट्ट धरलं. ड्रम थांबला. आणि सुरू झाला.

"चौथं," तो मोठ्याने म्हणाला.

"काय चौथं?" पहारेकऱ्याने विचारलं. पण तेवढ्यात आत जो गलका उठला, त्यात उत्तर द्यायची गरज उरली नाही.

सव्वासहाला सासूबाई लोकांबरोबर बाहेर आल्या. लंगडत होत्या, केस विस्कटलेले.

"कसा झाला?"

"चष्मा लावून गायला," त्या म्हणाल्या. "समोर स्टँड, त्यावर कागद, ही एवढाली अक्षरं. गाणं संपलं की लंबू येऊन पान उलटायचा. दोन गाणी झाल्यावर त्याने स्वतःच सांगितलं सगळ्यांना. म्हणाला, काल मी फार वाईट गायलो, आता शब्द लक्षात राहत नाहीत, म्हणून आज कागद आणलाय. ज्यांना चालणार नाही त्यांनी खुशाल उठून जावं."

"गेलं कोणी?"

"एक जण उठला होता. बाथरूमला जाऊन परत आला."

"मग तुम्ही रडलात का?"

"मी कशाला रडू? शेजारची रडत होती. तिला रुमाल दिला, तो गेला माझा." त्या थोडं चालल्या आणि थांबल्या. "दुसऱ्या गाण्यात तो चुकलाच होता जरा. कागद असून चुकला. पण थांबला नाही. मागची ओळ बोटाने शोधली आणि पुढे गेला."

सोमवारी सकाळी घरी पोचले तेव्हा बायको रात्रपाळी करून नुकतीच आलेली, गणवेशातच होती. तिने आधी आईला खुर्चीत बसवलं, गुडघा पाहिला, तो चांगला सुजला होता. बर्फाची पिशवी आणून ठेवली आणि मग दोघांना उभं-आडवं झोडपलं. फोनवर राहून गेलं होतं तेवढं सगळं. दोघं शाळेतल्या पोरांसारखे खाली माना घालून बसले. तिचा दम संपला तेव्हा तीच म्हणाली, "बरं, आता सांगा तरी."

सासूबाईंनी सुरुवात केली. पहिल्या दिवशीचं दोन वाक्यांत उरकलं आणि दुसऱ्या दिवसावर आल्या. आधी अमुक गाणं झालं, मग तमुक, मग घोगरा बोलला, मग एक संथ गाणं झालं, मग पुलाचं.

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "बोलल्यावर लगेच पुलाचं. संथ नंतर."

"तू बाहेर बसला होतास. तुला काय माहीत?"

"आई, ड्रम भिंतीतून जास्त नीट कळतो."

सासूबाईंनी क्षणभर विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि बर्फाची पिशवी गुडघ्यावर सारखी केली.

"संथ नंतर होतं," त्या मुलीला म्हणाल्या आणि पुढे सांगू लागल्या.