पाण्यातली बोटं

"डोळे मिटून कुणीही 'नाही कळलं' म्हणेल हो!" मुकादम खुर्चीतल्या खुर्चीत वळला. "मीसुद्धा म्हणेन."

भांडेवालीने डोळे उघडले. समोरची डॉक्टर एक बारीक, चिवट तार तिच्या उजव्या हाताच्या बोटांना टेकवून पाहत होती. करंगळीकडे भांडेवाली 'कळलं' म्हणे; अंगठा आणि त्याच्या पुढची दोन बोटं आली की 'नाही कळलं'. खाणावळीच्या मोरीत भांडी घासताना फुटका पेला मनगटात घुसला, त्याला वर्ष होत आलं. तुटलेली नस शिवली, जखम भरली, पण थाळ्या हातातून निसटायच्या थांबल्या नाहीत. मुकादमाच्या मते हे सगळं सोंग. आज सोंग उघडं पाडून तिला कामावरून काढायचं, म्हणून तो जातीने आला होता.

"तुमच्या मनगटात घुसवू का काच?" बरोबर आलेली नणंद उसळली. "मग कळेल सोंग!"

"वन्सं, राहू द्या." तिने दात आवळले.

शिवलेली नस कुठवर वाढली ते पाहायला डॉक्टर मनगटापासून पुढे टिचक्या मारत गेली. "मुंग्या कुठवर येतात?"

"तळव्यापर्यंत. मागच्या खेपेलाही इथंच अडल्या होत्या."

डॉक्टरने कोमट पाण्याचं घमेलं मागवलं. "बोटं बुडवून ठेवा. नस जिवंत असेल तर सुरकुत्या पडतील. तिथे सोंग चालत नाही."

"नुसतं भिजवायचं, घासायचं नाही," मुकादम हसला. "चैन आहे बुवा!"

तिच्या कानशिलात रक्त चढलं. जन्मभर याच सुरकुत्या पदराआड लपवल्या, आणि आज या माणसासमोर त्याच मागायच्या! पडल्या तर हा म्हणणार, बघा, खोटारडी. न पडल्या तर हात गेला. तरी ती मनात म्हणत होती, पडा गं, पडा.

बऱ्याच वेळाने डॉक्टरने हात वर घेतला. करंगळी आणि शेजारचं बोट मनुकांसारखी आक्रसलेली. बाकीची तीन गुळगुळीत, कधी कामाला न लागलेल्या पोरीची असावीत तशी.

"नस अजून पोचलेली नाही," डॉक्टर हळू म्हणाली. "या खरं बोलत होत्या."

मुकादमाने खाली पाहिलं. "मग... ठीक आहे."

"वहिनी, जिंकलात!" नणंदेने टाळी वाजवली.

"काय जिंकले?" ती एवढ्या जोरात ओरडली की दाराबाहेरची माणसं डोकावली. "सांगा ना, काय जिंकले मी?"

तिने हात पुन्हा घमेल्यात घातला.

"अहो, झालं आता," डॉक्टर म्हणाली.

"असू द्या थोडा वेळ."

पाणी गार झालं होतं. तिच्या दोन बोटांना ते कळत होतं.