पाठमोरीचं पोलकं

मी एका जुन्या फ्रेंच चित्राची नवी नक्कल आहे. नक्कल म्हटल्यावर नाक मुरडू नका, मित्रांनो. सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका चित्रकाराने आपल्या खोलीत, स्टुलावर उघड्या पाठीने बसलेली एक बाई रंगवली. तिची पाठ जगाकडे आहे, आणि जगाची लायकी पाहता मला ते योग्यच वाटतं.

माझा जन्म आयर्लंडातल्या ब्लँचर्डस्टाउनचा. श्रावणी तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. शनिवारच्या चित्रवर्गात आणि मग घरी तिने मला वर्षभर रंगवलं. डावा खांदा जमेना म्हणून रडलीसुद्धा. जमला त्या दिवशी गॅसवरची भाजी करपेपर्यंत माझ्यासमोर उभी होती. मग लायब्ररीतल्या प्रदर्शनासाठी माझी निवड झाली. तिच्या नावाने कुठे भिंतीवर लागणारं हे पहिलंच चित्र.

तिचा नवरा यशोधन आयटीत आहे. हा गृहस्थ चार जणांना विचारल्याशिवाय कोडची एक ओळ बदलत नाही. वर्षभर त्याला माझं काही वाटलं नव्हतं. घरी गणपतीला मंडळी येणार म्हणताच मात्र एकाएकी माझी लाज वाटू लागली.

"श्रावणी, चार दिवस हिला काढून ठेवूया ना."

"काढायचं नाही," ती म्हणाली आणि ड्यूटीला गेली.

त्याने काढलं नाही. लेकीचे, म्हणजे रेवाचे, शाळेचे ॲक्रिलिक रंग घेतले आणि मला लाल पोलकं घातलं. आणि काय ते पोलकं. एक बाही कोपरापर्यंत, दुसरी दंडावरच संपलेली. वर लांबून बघून म्हणतो कसा, "ग्रँड." इथे 'मस्त'ला ग्रँड म्हणतात; इतकी वर्षं आयर्लंडात राहून एवढा एकच शब्द शिकला आहे.

श्रावणी परत आली तेव्हा पाहुणे दारात बूट काढत होते. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"काढू नको म्हणालीस, मी काढलं नाही," यशोधन हळूच म्हणाला. या हुशारीबद्दल शाबासकी मिळेल असं त्याला वाटत असावं.

मी टांगलेली हीटरच्या वर. तेलरंगावर ॲक्रिलिक धरत नाही, हे बायकोला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण विचारायचं कशाला? आरती रंगात आली, हीटर तापला आणि पोलक्याचे पापुद्रे सुटू लागले.

"बाबा, हर ब्लाउज इज कमिंग ऑफ," रेवा खणखणीत आवाजात म्हणाली.

टाळ्या थांबल्या. ज्या पाहुण्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, ते सगळे आता माझ्याकडेच बघत होते. यशोधनच्या वृंदामावशी सांगलीहून आल्या होत्या. त्या जवळ येऊन म्हणाल्या, "अरे, नुसती होती तेव्हा बरी दिसत असेल. आता मेली चोरून कपडे बदलतेय असं वाटतं."

यशोधनची पाचावर धारण बसली. मंडळी मोदकांकडे वळताच तो उलथनं घेऊन मला खरवडायला लागला. पोलकं निघालं, आणि त्याच्याबरोबर डावा खांदाही निघाला. तिथे आता नुसतं पांढरं कापड दिसतं. मी कुणाला फारशी किंमत देत नाही, पण तेव्हा मला फार वाईट वाटलं. श्रावणीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पाहुण्यांना वाढताना तिने ते कोणाला दिसू दिलं नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तिने मला तशीच उचलली.

"अगं, खांदा तरी रंगव," यशोधन म्हणाला. "लोक विचारतील."

"विचारू देत. एवढं सगळं मी काढलंय. तेवढं तू काढलंस."

लोकांनी विचारलं. दर वेळी तिने त्याच्याकडे बोट दाखवलं आणि तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. त्याला सांगून आता काही उपयोग नाही, पण तुम्ही अजून लहान आहात, म्हणून सांगते. कोणी जीव ओतून केलेल्या वस्तूला हात लावण्याआधी विचारा, मित्रांनो. आवडली नसेल तर खुशाल पाठ फिरवा. मी तर आधीच फिरवून बसले आहे.