दोन माणसांची खुर्ची

मनीषाताईंना मराठी येत नाही असं कुणी म्हणणार नाही. सगळी हयात इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत काढूनही त्या माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. पण आपल्याकडे 'नको' म्हणतात ते कशासाठी, एवढं मात्र बाई साफ विसरल्यात, अशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझी खात्री होती.

त्या माझ्या विहीणबाई, म्हणजे सुनेची, अक्षयाची आई. मी नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे क्रॉयडनला आलेली. परत जायची वेळ जवळ आली, तेव्हा अतुल म्हणाला, आई, जाण्याआधी तुला आइल ऑफ वाइट दाखवतो. मला इतका आनंद झाला! आणि लगेच अक्षयानं तिच्या आईलाही बोलावून घेतलं. मी तोंडानं म्हटलं, वा, छानच झालं. मनात म्हटलं, या तर दर सुट्टीला नातीजवळ असतात, माझा एवढा एक दिवसही यांना बघवला नाही.

नात म्हणजे तनू, वय वर्षं सात. तिचं आणि माझं आधीच ठरलं होतं. त्या बेटावर तारेला टांगलेल्या खुर्च्या आहेत, कड्यावरून थेट खाली समुद्राकडे उतरणाऱ्या. एका खुर्चीत दोन माणसं. तनूनं मला फोनवर फोटो दाखवून सांगितलं होतं, "नागपूर-आजी, आपण दोघी." जत्रेतल्या पाळण्यातही डोळे घट्ट मिटून बसणारी मी, पण तिला हो म्हटलं. रोज शाळेतून आली की ती मला सोफ्यावर शेजारी बसवून पाय हलवायला लावायची. सराव म्हणे.

बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीत तनूशेजारची खिडकीची जागा मोकळी होती. मी मनीषाताईंना म्हटलं, "तुम्ही बसा ना." आता यावर समोरच्या माणसानं काय म्हणायचं असतं? छे हो, तुम्हीच बसा. मग मी म्हणणार, नको नको, तुम्ही. मग त्या मला हाताला धरून बसवणार. असं दोनदा झालं की ज्याची जागा त्याला मिळते आणि मानही राहतो. मनीषाताई म्हणाल्या, "बरं, थँक यू," आणि बसल्या. पलीकडचा किनारा येईपर्यंत दोघी इंग्रजीत होड्या मोजत होत्या, आणि मी डब्यातल्या थालीपिठांवर लक्ष ठेवून होते.

डायनासोरची हाडं बघायला गेलो तिथंही तेच. तनूचा एक हात अतुलच्या हातात, दुसरा मोकळा. मी म्हटलं, "धरा ना तुम्ही." त्यांनी धरला. हाडं कसली बघते मी! माझ्या पोटात दुखत होतं आणि ते थालीपिठानं नव्हतं.

मग त्या खुर्च्या आल्या. आम्ही पाच माणसं. अतुल आणि अक्षया पुढच्या खुर्चीत बसून निघालेसुद्धा. तनूनं माझा हात धरला. मागे मनीषाताई एकट्या उभ्या. इतकी वर्षं अंगात मुरलेली रीत, जीभ आपोआप वळली. "तुम्ही बसता का तिच्याबरोबर?" मला वाटलं, निदान आता तरी म्हणतील, अहो, तुमचं दोघींचं ठरलंय ना.

"चालेल की," मनीषाताई म्हणाल्या.

मी मागच्या खुर्चीत एकटी बसले, मांडीवर सगळ्यांच्या जॅकेटांची पिशवी घेऊन. खाली रंगीत वाळूचा कडा होता म्हणतात, समोर समुद्रात पांढरे सुळके होते म्हणतात. मी बघितली ती फक्त तनूची वेणी, त्यांच्या खांद्याला टेकलेली. ती वेणी सकाळी मी घातली होती. भीती वाटायचीसुद्धा राहून गेली, इतकी मी जळत होते.

परतीच्या वेळी अतुल तनूला घेऊन बसला आणि माझ्याशेजारी अक्षया आली. मनीषाताई मागून एकट्या आल्या, तेवढंच काय ते समाधान.

वर एक दुकान होतं. तिथं मुलं काचेच्या छोट्या बरणीत चमच्यानं रंगीत वाळूचे थर भरत होती. तनूनं जीभ बाहेर काढून मन लावून एक बरणी भरली. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो, मध्ये अंतर ठेवून. ती बरणी घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. आधी तिच्या त्या आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हा तुला, नागपूर-आजी. तू जातो ना."

जिभेवर आलंच होतं, अगं नको, त्यांना दे. मी ते गिळलं. दोन्ही हातांनी बरणी घेतली, पर्समध्ये टाकली आणि चेन लावून टाकली. तनू आईकडे पळाली.

मनीषाताई माझ्या पर्सकडे बघत होत्या. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता, सकाळपासून तो माझाच होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

त्या म्हणाल्या, "एकदा तरी नको म्हणायचंत, विहीणबाई."

म्हणजे बाईंना सगळं कळत होतं, खिडकीपासून खुर्चीपर्यंत.

"मला वाटलं, तुम्ही आपली रीत विसरलात," मी म्हटलं.

"विसरते कशी? पण सहा महिने फोनवर तिच्या तोंडी नुसत्या तुम्ही होतात. नागपूर-आजीनं हे केलं, नागपूर-आजीनं ते केलं. आज मला 'नको' म्हणायचंच नव्हतं."

मी पर्स मांडीवरून उचलली आणि बाकावर दोघींच्या मध्ये ठेवली. चेन मात्र उघडली नाही.